रामबागेतल्या महालक्ष्म्या तिसऱ्या मजल्यावर आणताना : कामाच्या नोंदी

13 जुलै 2025, रविवार

आज ठरलं. यंदा महालक्ष्म्या (ज्येष्ठा आणि कनिष्ठा गौरी) इंदुरात रामबागेतल्या जुन्या घरी बसणार नाहीत, अन्नपूर्णा रोडवरच्या आमच्या फ्लॅटमध्ये बसतील. आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, गुडघ्याचं ऑपरेशन मे महिन्यात झालं, जुन्या घराचं माजघर गेल्या पावसाळ्यापासून गळतंय, आणि मोठ्या जाऊबाई आता मुलाकडे बंगळूरला असतात. चार पिढ्या ज्या घरात हे तीन दिवस सगळं गोत जमलं, तिथून देवी हलवायची हे बोलताना दादांचा आवाज बसला. आई मात्र सरळ कामाचं बोलल्या. "मुखवटे कुठेही नेता येतील. आधी कोठ्या बघा, खालून गंजल्यात." कोठी म्हणजे ज्यावर मुखवटा बसतो ते पत्र्याचं धड.

नोंदी ठेवायला आजपासूनच घेतल्या. इंदूर, देवास, उज्जैनकडच्या कितीतरी मराठी घरांत हेच चाललंय. जुनं घर मोठं, करणारे हात म्हातारे, आणि पुढची पिढी फ्लॅटमध्ये. ज्यांच्यावर पुढच्या वर्षी हे काम येईल त्यांचा वेळ तरी वाचेल.

तारखा अशा : 31 ऑगस्टला आवाहन, 1 सप्टेंबरला पूजन, 2 सप्टेंबरला विसर्जन. अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठावर जेवतात, मूळावर जातात. हातात सात आठवडे आहेत. पुणे, वडोदरा, ग्वाल्हेर, देवास आणि इंदुरातली आम्ही तीन घरं मिळून पूजनाच्या दिवशी 43 पानं होतील. सहा बिऱ्हाडांनी 3,000 रुपये प्रत्येकी काढायचे ठरले, म्हणजे 18,000. पुण्याहून येणाऱ्या काकूंकडून काही घ्यायचं नाही, त्या 81 वर्षांच्या आहेत.

20 जुलै, रविवार

रामबागेतून सामान आणलं. दोन पितळी मुखवटे, दोन बाळं, लाकडी हात, दागिन्यांचा डबा, चार नऊवारी साड्या आणि दोन पत्र्याच्या कोठ्या. कोठ्यांचे तळ बोटाने दाबले की आत जातात. त्यांच्यात धान्य भरण्याचा प्रश्नच नाही.

मी मापं घेतली. कोठीची उंची 28 इंच, तोंड 11 इंच, वर गळ्याला 4 इंचांची नळी. जवळच्या वेल्डिंगवाल्याकडे गेले. पत्र्याची बंद कोठी महाग पडत होती, शिवाय फ्लॅटमध्ये एवढं मोठं धूड वर्षभर ठेवायचं कुठे, म्हणून सळईचे उघडे सांगाडे सांगितले. हलके आणि माळ्यावर एकात एक बसणारे. दोन्हींचे 1,400 रुपये. मला तेव्हा हे फार शहाणपणाचं वाटलं होतं.

27 जुलै, रविवार

आजची चूक सविस्तर लिहिते, कारण ती सगळ्यांत मोठी आहे.

सांगाडे आले. रंग लावून वाळवले, हॉलमध्ये पाटावर उभे केले आणि उंची नीट दिसते का ते बघायला ज्येष्ठेचा मुखवटा वर ठेवला. आई आतून म्हणाल्या होत्या, "रिकाम्या कोठीवर मुखवटा ठेवत नाहीत." मला वाटलं ते शकुनाचं आहे. देवी प्रत्यक्ष बसेल तेव्हा धान्य ठेवू, आज नुसतं माप तर बघायचंय. मी साडी अंदाजायला निरी धरून जरा ओढली आणि सांगाडा पुढे आला. मुखवटा फरशीवर पडला. उजव्या कानाची पाळी दुमडली.

मी तो उचलून मांडीवर घेऊन बसले. हा मुखवटा आईंच्या सासूबाईंच्या लग्नाआधीपासून घरात आहे. त्याला आजवर कोणी पाडला नव्हता. आई वॉकर घेऊन आल्या, कानावरून अंगठा फिरवला आणि मुलाला म्हणाल्या, "स्वयंपाकघरातला काटा आण, वजन कर." ज्येष्ठेचा मुखवटा 1 किलो 850 ग्रॅम भरला, कनिष्ठेचा 1 किलो 620. एवढं वजन अडीच-तीन फुटांवर आणि खाली दोन किलोचा पोकळ सांगाडा, तो राहणार कसा? जुन्या कोठीत पाच पायली गहू जायचे. देवी धान्याच्या राशीवर उभी असते, हे आम्ही लहान मुलांना कहाणीसारखं सांगत आलो. तिला उभी धरून ठेवत होती ती रास.

28 ते 31 जुलै

सांगाडे परत नेले. वेल्डिंगवाल्याने एका नजरेत सांगितलं, "भाभीजी, नीचे वजन दो और घेरा बढ़ाओ." खालचं कडं 11 इंचांवरून 15 इंच करून घेतलं (150 रुपये), आणि मध्ये स्टीलचा दहा किलोचा डबा घट्ट बसेल अशा दोन आडव्या पट्ट्या. डबे घरचेच. एकात गहू भरले, दुसऱ्यात तांदूळ. आता साडी ओढली तरी हलत नाही. गळ्याच्या नळीवर सुती कापडाची पट्टी गुंडाळली, नाहीतर पितळ लोखंडावर घासून खुळखुळतं.

तुमच्या कोठ्या करून घेणार असाल तर मुखवट्याचं वजन आधी करा आणि कारागिराला ते सांगा. उंचीचं माप देऊन भागत नाही.

मुखवट्याचा कान बर्तन बाजारातल्या एका म्हाताऱ्या ठठेऱ्याने (तांबटाने) सरळ करून दिला. त्याने मुखवटा वाळूच्या पिशवीवर आडवा ठेवला, कानाखाली लाकडाचा ठोकळा दिला आणि लाकडी हातोडीने अगदी हळू, पावसाचे थेंब पडावेत तसं ठोकलं. वीस मिनिटं. 150 रुपये. त्याने चपला काढून काम केलं, हे मी विसरणार नाही.

10 ऑगस्ट, रविवार

दुसरी मोठी चूक. कान नीट झाला पण तिथे पितळ काळपट दिसत होतं, म्हणून दोन्ही मुखवटे चिंच आणि मीठ लावून घासले. पितळ सोन्यासारखं निघालं. धुऊन पुसलं तर ज्येष्ठेच्या डाव्या डोळ्याचं बुबुळ फडक्यावर आलेलं. भुवयाही अर्ध्या गेल्या. डोळे रंगवलेले असतात आणि ते चिंचेच्या आंबटाला टिकत नाहीत. आईंना विचारलं तेव्हा कळलं की रामबागेत नेहमी कपाळ, गाल आणि मुकुट तेवढे घासायचे, डोळ्यांना फक्त कोरडा कापूस. हे त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही, कारण मुखवटे घासायचं काम त्यांनी पन्नास वर्षं दुसऱ्या कोणाला दिलंच नाही.

14 ऑगस्ट, गुरुवार

डोळे लिहून घेतले. चतुर्थी तेरा दिवसांवर आलेली, त्यामुळे मूर्ती रंगवणारे दोन कारागीर नाही म्हणाले. तिसऱ्याने रात्री नऊनंतर यायला सांगितलं, आणि गेल्यावर म्हणाला की दिव्याच्या उजेडात डोळे काढणार नाही, मुखवटे ठेवून जा. मी ठेवून जायला तयार नव्हते. मग आज सकाळी साडेसहाला परत गेलो, वन्सं आणि मी.

त्याने दोन्ही मुखवटे शेजारी शेजारी मांडले, जसे आमच्याकडे बसतात तसे, आणि समोर खाली मांडी घालून बसला. आधी आम्हाला विचारलं की पूजेला बसणारा किती उंचीवर असतो. मग चार केसांच्या कुंचल्याने चारही डोळ्यांची वरची रेघ ओढली. एका डोळ्याचं पूर्ण करून दुसऱ्याकडे गेला नाही. चौघांच्या रेघा, मग चौघांची बुबुळं, शेवटी पांढरे टिंब. म्हणाला, एकीचं पूर्ण करून दुसरीकडे गेलं की नजर जुळत नाही. टिंब टेकवताना त्याने श्वास धरला होता आणि आम्हीही. 500 रुपये घेतले. रंग पूर्ण वाळायला चार दिवस लागतील, तोवर झाकायचं नाही.

15 ऑगस्ट, शुक्रवार

श्रावणातला शुक्रवार, जिवतीच्या नैवेद्याला पुरण लागतंच, म्हणून त्यातच पूजनाच्या स्वयंपाकाची तालीम केली. एक किलो हरभऱ्याची डाळ, एक किलो गूळ. तीन गोष्टी बिघडल्या.

कुकर अर्ध्याच्या वर भरला. फेसाने शिट्टी अडकली, वरची डाळ शिजून लगदा आणि खालची टणक. परत पातेल्यात काढून शिजवली, एक तास गेला. नंतर घाईत कट पुरता न गाळता गूळ घातला, तर पुरण सैल झालं, दीड तास आटवत बसले. पावसाळ्यात गूळही ओल धरून असतो, त्याचं पाणी वेगळं सुटतं.

तिसरी गोष्ट कणकेची. घरात बाफल्यांसाठी (उकडून भाजलेल्या बाट्यांसाठी) दळून आणलेलं पीठ होतं, तेच चाळून वापरलं. माळव्यातला तो कडक कठिया गहू बाफल्यांना, लाडवांना सुरेख, पण त्याची कणीक ताणली जात नाही, तुटते. पुरण भरून लाटलं की कडेला फाटायचं. एकोणीस पोळ्या धड झाल्या, बाकीच्या तव्यावर उघडल्या. मुलांनी पुरण वाटीत घेऊन तूप घालून खाल्लं, त्यांची तक्रार नव्हती. आई पाटावर बसून बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "पीठ कोणतं हे मला विचारायचं होतंस." खरंच विचारायला हवं होतं.

17 ऑगस्ट, रविवार

फुलोरा. देवीच्या डोक्यावर मंडपी बांधून तिला तळलेले जिन्नस टांगतात : करंज्या, पापड्या, वेणी, फणी, आरसा, कुंकवाचा करंडा, बाळांसाठी पाळणा. हे आमच्याकडे देवासच्या आत्याबाई करायच्या. आता त्यांचे हात थरथरतात, म्हणून त्या फोनवर सांगत होत्या आणि ग्वाल्हेरची पुतणी (सुट्टीला आलेली, वय 15) आकार देत होती. तिचा हात सुंदर आहे. वेणीचे तिपेडी पेड तिने इतके बारीक घातले की आत्याबाईंना व्हिडिओवर दाखवले तेव्हा त्यांनी दोनदा बघितले.

अडचण भोकांची. दोरा ओवायला कच्च्या पिठात भोक पाडलं की तळताना फुगून बुजतं. पहिल्या घाण्याचे अकरा जिन्नस त्यापायी वाया. मग बांबूची काडी भोकात तशीच ठेवून तळलं, आणि गरम असतानाच फिरवून काढली. हे जमलं. दुसरं, पीठ घट्ट भिजवायचं, मोहन बेताचं, आच मंद. मोहन जास्त झालं तर खुसखुशीत होतं आणि स्वतःच्याच वजनाने दोऱ्यावरून तुटतं.

20 ऑगस्ट, बुधवार

रविवारचा फुलोरा तीन दिवस टांगून ठेवला होता, बघायला. आज फणी गळून खाली पडली, आणि खाली अंथरलेल्या जुन्या साडीवर तेलाचा डाग. हवेत इतकी ओल आहे की सगळं मऊ पडतंय. ठरलं ते असं : शनिवारी 30 ला तळायचं, पत्र्याच्या डब्यात कागद घालून बंद, आणि सोमवारी सकाळी पूजेआधी टांगायचं. मंडपीसाठी बांबूच्या चौकटीचे 180 रुपये.

24 ऑगस्ट, रविवार

पुरणाची दुसरी तालीम. लोकवन गहू बारीक दळून आणले, वस्त्रगाळ केले. कणीक मीठ आणि तेल घालून सैल भिजवली, दोन तास मुरवली. डाळ कुकरच्या निम्म्याहून कमी, शिजल्यावर चाळणीत वीस मिनिटं निथळत ठेवली. किलोला 900 ग्रॅम गूळ. उलथनं पुरणात उभं राहिलं तेव्हा उतरवलं आणि गरम असतानाच पुरणयंत्रातून काढलं. एक किलो डाळीच्या 34 पोळ्या, एकही फाटली नाही. 110 पोळ्यांना साडेतीन किलो डाळ धरली.

संध्याकाळी साड्या काढल्या. यंदा दोघींना महेश्वरी. अहिल्याबाईंनी महेश्वरला विणकर वसवले तेव्हापासूनचा हा इकडचा माल, आणि आईंच्या लग्नातली जांभळी नऊवारी अजून एका धाग्याने विरली नाही. पण पदराजवळ तीन तपकिरी ठिपके होते : मागे कधीतरी सेफ्टी पिना लावून तशाच घडी घातलेल्या, ओलीने गंजल्या. डाग गेले नाहीत. ती बाजू निऱ्यांच्या आत जाईल. पिना लावायच्याच नाहीत असं ठरवलं. कमरेला सुतळी, निऱ्या तिच्यात खोचायच्या, खांद्याला सुईदोऱ्याचे दोन सैल टाके. वन्सं आणि मला एका देवीला एक तास वीस मिनिटं लागली. खरी वेळ येईल तेव्हा पन्नास मिनिटांत झालं पाहिजे.

27 ऑगस्ट, बुधवार

गणपती बसले. शाडूची लहान मूर्ती. उकडीचे एकवीस मोदक. निर्विघ्न.

29 ऑगस्ट, शुक्रवार

भाज्यांची यादी. सोळा भाज्या लागतात, आणि यादी आईंच्या तोंडी मराठीत आहे. पुतण्याला दिली तर तो नंदलालपुऱ्यातून फोन करतोय की पडवळ इथे कोणालाच माहीत नाही. म्हणून हे लिहून ठेवते, इंदुरात नवीन असलेल्यांनाही कामाला येईल. पडवळ म्हणजे चचेंडा, घोसाळं म्हणजे गिलकी, दोडका म्हणजे तुरई, शेवग्याच्या शेंगा म्हणजे सुरजने की फली, चवळीच्या शेंगा म्हणजे बरबटी, ढेमसं म्हणजे टिंडा, लाल भोपळा म्हणजे कद्दू, आणि अळू मागायचं तर अरबी के पत्ते. भेंडी, गवार, दुधी, कारलं, काकडी, वांगं समजतात. मेथी ह्या दिवसांत महाग, पण पहिल्या दिवशीच्या भाजी-भाकरीला ती हवीच.

सोळाही वेगळ्या करायला गेलं तर दोन दिवस पुरणार नाहीत. आमच्याकडे पाच सुट्या होतात, उरलेल्या अकरांची एक मिसळीची भाजी. पडवळ कढीत जातो. एकूण भाजीपाला 2,150 रुपयांचा. चोइथराम मंडीत स्वस्त मिळालं असतं, पण तिथे घाऊक उचलावं लागतं, आणि आपल्याला चचेंडे हवेत दीड किलो.

नर्मदेचं पाणी आमच्याकडे एक दिवसाआड येतं आणि सोमवारी आमची पाळी नाही. पिण्याचं आणि नैवेद्याचं पाणी रविवारी भरून ठेवायचं : दोन पिंप, चार हंडे.

31 ऑगस्ट, रविवार. आवाहन

पुण्याची गाडी वेळेवर आली. काकू स्टेशनवरून थेट देवघरात गेल्या, मुखवट्यांपुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "डोळे नवे लिहिलेत." मी सगळं सांगितलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, एवढंच.

आवाहन साडेपाचच्या आत व्हायला हवं होतं. लिफ्टने आणायचं की जिन्याने, ह्यावर आधी दोन मतं होती. आई म्हणाल्या, लिफ्टमधून आणलं तर पावलं कुठे काढणार. म्हणून जिना. खालच्या फाटकापासून 54 पायऱ्या. मुलींनी दुपारी रांगोळीने पावलं काढली, आणि तीन वाजता पाऊस आला. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या ओल्या चपलांनी पहिल्या मजल्यापर्यंतची सगळी पुसली गेली. पाऊण तास फुकट.

मग काकूंनी तांदळाची पिठी पाण्यात कालवायला सांगितली, पळीवाढी. वळलेल्या मुठीची करंगळीकडची बाजू त्यात बुडवायची आणि पायरीवर टेकवायची, वर बोटाच्या टोकाने पाच टिंबं. एक मूठ डावी, एक उजवी. पिठीचं पाऊल वाळलं की चपलेने सहज जात नाही. पाच मुली ओळीने बसल्या आणि पंचवीस मिनिटांत तिसऱ्या मजल्यापर्यंत आल्या. ज्यांच्याकडे जिना उघडा आहे त्यांनी रांगोळीच्या फंदात पडू नये.

पाच वाजता वन्सं आणि मी मुखवटे घेऊन खालून निघालो. पुढे घंटा आणि ताट-पळी. प्रत्येक मजल्यावर शेजारच्या हिंदी घरांतल्या बायका हळदीकुंकू घेऊन दारात उभ्या होत्या, हे ठरवलेलं नव्हतं. दाराशी आई वॉकर धरून. "कोण आलं?" "महालक्ष्मी आल्या." "कशाच्या पावलांनी?" "धनधान्याच्या पावलांनी." आईंनी दर वर्षी रामबागेतलं कोठार, माजघर, विहीर दाखवली. इथे त्यांनी स्वयंपाकघर दाखवलं, पाण्याचे पिंप दाखवले, मुलांची अभ्यासाची खोली दाखवली, गॅलरीतली तुळस दाखवली. नवं घर असल्यासारखं एकेक सांगितलं. कनिष्ठेचा मुखवटा माझ्या हातात होता, वजनाने मनगट भरून आलं होतं, तरी खाली ठेवावासा वाटत नव्हता.

साड्या 55 मिनिटांत नेसवून झाल्या. रात्री मेथीची भाजी, ज्वारीची भाकरी. दहानंतर सगळी पोरं सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, गेली आणि एक वाजता भुट्ट्याच्या किसाचा वास घेऊन परतली.

1 सप्टेंबर, सोमवार. पूजन

पहाटे चारला उठलो. आंबील रात्रीच ताकात भिजवलेली. पोळ्या साडेसातला सुरू झाल्या, दोन तवे, पाच जणी. ग्वाल्हेरच्या काकू लाटायला तांदळाची पिठी घेतात, आम्ही कणीक घ्यायचो. पिठीने पोळी पोळपाटाला चिकटत नाही आणि तव्यावर करपत नाही, पुढच्या वर्षीपासून आम्हीही तेच करणार. पावणेबाराला 112 पोळ्या झाल्या. फुलोरा आठला टांगला, संध्याकाळपर्यंत एकही गळला नाही.

नैवेद्य साडेबाराला. पंगतीचा हिशेब मात्र माझा साफ चुकला. हॉल 17 बाय 11, अर्धा देवींच्या आराशीने घेतलेला. मी दोन रांगांत चौदा पानं मांडली, तर वाढणाऱ्याला मधून जायलाच जागा नाही. आमटी घेऊन भाऊजी दारातच अडकले. पानं उचलून दहावर आणली, म्हणून पंगती वाढून पाच झाल्या. पहिलं पान पावणेदोनला, शेवटचं साडेपाचला. शेवटच्या पंगतीत आम्ही पहाटेपासून उभ्या असलेल्या बायका होतो, हे बरोबर झालं नाही. दादांनी तिथेच सांगितलं की पुढच्या वेळी खालचं पार्किंग ताडपत्री बांधून घ्यायचं, आणि दुसरी पंगत बायकांची. ते मी इथे लिहून ठेवतेय.

पण शेवटच्या पंगतीला पुरुषांनी आणि मुलांनी वाढलं. धाकट्या दिरांनी प्रत्येक पोळीवर तूप सोडताना आग्रह केला, अगदी त्यांचे वडील करायचे तसा, "अर्धी तरी" म्हणत. आई हसल्या आणि मग त्यांनी डोळे पुसले.

2 सप्टेंबर, मंगळवार. विसर्जन

सकाळी पोहे-जिलबी, पाहुण्यांना इंदुरात दुसरं काही चालत नाही.

सुताच्या सोळा पदरी दोऱ्यांना सोळा गाठी दिल्या, हळदीत रंगवले. कहाणी वाचायला ग्वाल्हेरच्या दहा वर्षांच्या नातवाला बसवलं. तो हिंदी शाळेत शिकतो, देवनागरी झरझर वाचतो, पण ळ त्याला शाळेत भेटतच नाही. शेवटी "पाचा उत्तरी सुफल संपूर्ण" म्हणाला. आईंनी त्याला जवळ बोलावलं, जीभ टाळूला कशी मागे लावायची ते दाखवलं. "सुफळ." पाच-सहा वेळा. मग त्याने तेवढी ओळ पुन्हा सगळ्यांसमोर वाचली, आणि सगळ्यांनी अक्षता टाकल्या.

दहीभाताचा नैवेद्य दाखवला, मुखवटे जरा हलवले. गणपती गच्चीवर टबात विसर्जित केले. कोठीतले गहू सहा घरांत वाटले, जो तो आपल्या डब्यात मिसळेल. रात्रीच्या गाडीला पुण्याच्या काकूंच्या पिशवीत फुलोऱ्यातली वेणी होती.

3 सप्टेंबर, बुधवार

हिशेब. किराणा 6,850, दूध-तूप 3,100, भाजी 2,150, फुलं 1,240, सांगाडे, कडं आणि कान मिळून 1,700, डोळे 500, मंडपी 180, भांड्यांचं भाडं 900, मदतीच्या ताईंना 1,000. एकूण 17,620. उरलेले 380 पुढच्या वर्षीच्या डब्यात. ह्या हिशेबात नसलेला एक खर्च म्हणजे जादा गॅस सिलिंडर, तो शेजाऱ्यांकडून उसना आणला होता, आज भरून परत केला.

साड्यांमधून सुतळी काढली, टाके उसवले, दोन दिवस सावलीत वाळवून मगच घडी घालणार. मुखवटे आईंच्या जुन्या मऊ लुगड्यात गुंडाळले. प्लॅस्टिक नाही, आत घाम धरतं. डब्याचं झाकण लावणार तेवढ्यात आई म्हणाल्या, थांब, कागद दे. त्यांनी वॉकरच्या दांडीवर वही टेकवून, त्यांच्या त्या मोठ्या गोल अक्षरात लिहिलं : "डोळ्यांना चिंच लावू नये. कोरडा कापूस. रिकाम्या कोठीवर ठेवू नये. पीठ लोकवनचं." खाली तारीख घातली आणि चिठ्ठी स्वतःच्या हाताने ज्येष्ठेच्या मुखवट्याखाली सरकवली.